वाजली ती गिटार माझी नव्हती

माझ्याकडे गिटार शिकायला येणारे हल्ली एकच प्रश्न विचारतात. सर, स्टेजवर मोठा अँप लागतोच का? मोबाइलवर त्यांनी सगळं बघितलेलं असतं. गिटारचा आवाज घडवणारा वहीएवढा प्रोसेसर पायाशी ठेवायचा, त्याची वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची, कानात इअरफोन घालायचे, झालं काम. उत्तर त्यांना ठाऊक असतं, माझ्या तोंडून फक्त वदवून घ्यायचं असतं. मी म्हणतो, नाही लागत. आणि मग उरलेला तास त्यांच्यावर उगीच खेकसत राहतो. बोट नीट ठेव, तार दाबून धर, हे काय चाललंय. त्यांना वाटतं, सर तापट आहेत. आहेच मी तापट, पण त्या प्रश्नाने जो राग येतो तो त्यांच्यावरचा नसतो.

मी परभणीत एका शाळेत लिपिक आहे. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत एका गायन पार्टीत गिटार वाजवायचो. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गावोगावच्या जत्रा. अठरा वर्षं माझ्याजवळ एकच अँप होता, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. काळा, पंधरा इंची स्पीकरचा, दोघांनी धरल्याशिवाय न हलणारा. पार्टीत त्याला सगळे म्हैस म्हणायचे. कार्यक्रम आटोपला की कीबोर्डवाला, म्हणजे आमच्या पार्टीचा मालक, आधी ओरडायचा, "म्हैस चढवा टेम्पोत, मग जेवायला बसा." टेम्पोत ती सगळ्यांची जागा खायची. ढोलकीवाला बिचारा पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि गाव येईपर्यंत मला शिव्या घालायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. तो अँप माझ्या मागे उभा असायचा आणि त्याचा आवाज माझ्या पाठीवर यायचा. त्याचं बटण माझ्या हातात होतं. साउंडवाल्याने मला मिक्सरवर बंद केलं असतं तरी पुढच्या दहा रांगांना मी ऐकू गेलोच असतो.

आई-वडील ताडकळसला राहतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची सगळी नोकरी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून झाली आणि तिथे त्यांचं नाव कानासाठी होतं. लांब दांड्याचा डिसमिस घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतला कुठला पार्ट कुरकुरतोय ते ऐकून सांगायचे. इंजिन उघडलं की नेमकं तेच निघायचं. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, चालणं संपलं. तेव्हापासून त्यांची बाज ओसरीत आहे. पण गावातले लोक ट्रॅक्टर, मोटारसायकली घेऊन ओसरीपुढे यायचे, चालू करून धरायचे, आणि अण्णा पडल्या पडल्या सांगायचे, "टॅपेट वाजायलंय," नाहीतर "बेरिंग गेलं बाबा, लांब नेऊ नको." लोक आले की ते उशीला टेकून ताठ बसायचे. त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात, असं आई सांगायची.

विहारापुढचं मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या पार्टीचा गावात कार्यक्रम असला की अण्णांना तो बाजेवरूनच ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला हिशेब द्यायचे. तिसऱ्या गाण्यात चुकलास, चौथं बरं झालं. एकदा मी विचारलं की एवढ्या गोंगाटात माझी गिटार कशी कळते तुम्हाला. तर म्हणाले, "तुझं टायमिंग लेट हाय. गाण्याच्या जरासं मागून येतोस. पण दरवेळेस तेवढाच लेट येतोस, म्हंजी ह्यो बिघाड न्हाई, सवय हाय." यापेक्षा बरं परीक्षण माझ्या वाजवण्याचं कुणी केलेलं नाही.

गेल्या वर्षी जयंतीच्या आधी कीबोर्डवाल्याने नवीन मिक्सर घेतला, नवा साउंडवाला ठेवला आणि गाण्यांचे ट्रॅक आणले. म्हणजे गाण्याचं मागचं वाजवणं आधीच रेकॉर्ड केलेलं, त्यावर आम्ही समोर गायचं-वाजवायचं. सगळ्यांच्या कानात इअरफोन आले. मला म्हणाला, "सर, म्हैस इका आता. स्टेजवर एवढा आवाज नको, गाणाऱ्याच्या माइकात घुसतो. डायरेक्ट वाजवा." मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो आणि तिसऱ्या दिवशी तयार झालो. खोटं कशाला बोलू, पाठही दुखायची. पहिल्यांदा कानात इअरफोन घालून वाजवलं तेव्हा मला माझा एकेक सूर एवढा स्वच्छ ऐकू आला की आतापर्यंत उगीच लोखंड वाहिलं असं वाटलं. अँप एका भजनी मंडळाला देऊन टाकला.

त्या जयंतीला ताडकळसलाच कार्यक्रम होता. मी इतकं मन लावून क्वचितच वाजवलं असेन. सकाळी चहा घेऊन अण्णांजवळ बसलो आणि हिशेबाची वाट बघत राहिलो. ते काही बोलेनात. मीच विचारलं तेव्हा म्हणाले, "रात्री तू वाजवलं न्हाईस का?"

"वाजवलं की. सगळी गाणी वाजवली."

"गिटार वाजायली होती," ते म्हणाले. "पण ती तुझी न्हवती."

मी हसलो. नवीन साउंड आहे अण्णा, डायरेक्ट आहे, त्यामुळे वेगळा लागतो, असं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण चहा तसाच राहू दिला. पावसाळ्यापूर्वी आमच्याच गल्लीत एक लग्न झालं, तिथेही आम्हीच होतो. मांडव घरापासून पन्नास पावलांवर. सकाळी पुन्हा तेच. "गिटार होती, तुझी न्हवती." या वेळी मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. पन्नास पावलांवरून स्वतःच्या मुलाचं वाजवणं कळू नये? मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की अण्णांचे कान गेले.

तिथून पुढे सगळं मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. गाडी करून अण्णांना परभणीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. अण्णा परीक्षेला बसल्यासारखे कपाळाला आठ्या घालून बटण दाबत होते. डॉक्टरांनी कागद दाखवला. इंजिनांशेजारी आयुष्य गेलं, वयही आहे, त्यामुळे वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय, म्हणाले. ऐकायचं मशीन लगेच लावलंच पाहिजे असं नाही, असंही म्हणाले. अण्णा म्हणाले, "साहेब, मला गाडीचं समदं ऐकू येतं." डॉक्टर काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "अण्णा, तुमाला वाटतं तसं. मशीन लावू आपण." इंजिनाला डिसमिस लावून डोळे मिटणाऱ्या माणसाला मी चार लोकांत सांगत होतो की तुम्हाला फक्त वाटतं.

मशीन लावल्यावर त्यांना भांड्यांचा आवाज डोक्यात आदळायचा, पंख्याची घरघर सहन व्हायची नाही. ते काढून ठेवायचे, मी आलो की घालायचे. मी गल्लीत सांगून ठेवलं की अण्णांशी जरा मोठ्याने बोलत जा, त्यांना कमी येतं. काळजीपोटी सांगितलं. पण ज्याच्या कानात मशीन दिसतं त्याच्यापुढे ट्रॅक्टर चालू करून कोण धरणार? एकेक करून माणसं यायची थांबली. आधी वाटलं, कामाचे दिवस आहेत, येतील. मग आई एकदा म्हणाली, "आता कुणीच येत न्हाई रे गाड्या घेऊन. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतेत." मी म्हणालो, वय झालं त्यांचं. वय झालं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

यंदाच्या जयंतीला पुन्हा ताडकळसला कार्यक्रम झाला. निघताना मी स्वतः अण्णांच्या कानात मशीन बसवलं, नवीन सेल घातले. सकाळी मी विचारायच्या आतच ते म्हणाले, "आली बरं का. साफ आली. मधला पीस लय झकास वाजिवलास."

माझा जीव भांड्यात पडला. वर्षभर मनात कुठेतरी खुपत होतं ते निघून गेलं. मी इतका खूश झालो की पुढच्या कार्यक्रमाला पार्टीत सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या अण्णांना आता मशीनने गिटार साफ ऐकू येते म्हणून. साउंडवाला वायर गुंडाळत होता. त्याने कीबोर्डवाल्याकडे बघितलं आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागला. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पालमला एक लग्न होतं. दुपारची वेळ, मंगल कार्यालय माणसांनी भरलेलं, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. तिसरं गाणं चालू होतं. माझा मधला पीस आला आणि पहिल्याच सुराला माझी तार तुटली. बोटाला चटका बसला. माझ्या कानात गिटारच्या जागी खड्डा पडला, बाकीचं सगळं चालू होतं. ढोलकीवाल्याला म्हणावं की हा पीस तू सांभाळून घे, म्हणून मी उजव्या कानातला इअरफोन ओढून काढला.

बाहेर गिटार वाजत होती.

दोन्ही बाजूंच्या उंच स्पीकरमधून माझा मधला पीस येत होता. एकही सूर न चुकता, अगदी वेळेवर. माझा हात तारांवर नव्हता. तुटलेली तार खाली लोंबत होती. समोर पहिल्या रांगेत एक माणूस मोबाइल धरून माझंच शूटिंग करत होता आणि मान डोलावत होता. मला काय करावं ते सुचेना. मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी बोटं पुन्हा तारांवर ठेवली आणि तो पीस संपेपर्यंत नुसती हलवत राहिलो.

जेवणाच्या वेळी साउंडवाल्याला कोपऱ्यात गाठलं. त्याने लपवाछपवी केली नाही, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही.

"कवापासून?" मी विचारलं.

"नवा मिक्सर आल्यापासून, सर. पहिल्याच कार्यक्रमात, दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच. ट्रॅकमधी गिटार हायच की. तुमची जराशी मागून यायची, त्यामुळं दोन-दोन गिटारी ऐकू यायल्यात म्हणून लोक म्हणायले. मग तुमचं बटण खाली घेतलं. तुमच्या कानात ट्रॅकची गिटार सोडतच न्हवतो, तुमची तुमाला यायलीच होती."

"पार्टीत कुणाकुणाला ठाऊक आहे?"

तो ताटातला भात कालवत राहिला. "समद्याला हाय, सर. मालकच म्हणले, स्टेजवर गिटार दिसाया पायजे. राहू द्या त्येंना."

एक वर्ष. दोन जयंत्या, सगळी लग्नसराई, जत्रा. एवढे दिवस मी घाम गाळून एकट्या स्वतःसाठी वाजवत होतो. अँप असता तर हे झालं नसतं. मोठा अँप कशाला लागतो, या प्रश्नाचं मला तेवढंच उत्तर सापडलं आहे. आपण वाजवतोय आणि समोरच्याला ते पोचतंय, याची खात्री मागे उभ्या असलेल्या त्या खोक्यात असायची. आवाज वाईट असेना का, जास्त असेना का. मी गिटार पिशवीत कोंबली, कुणाशी न बोलता स्टँडवर आलो आणि ताडकळसला जाणाऱ्या गाडीत बसलो.

अर्ध्या रस्त्यात मला अण्णा आठवले. तोपर्यंत मी फक्त स्वतःच्या अपमानात बुडालो होतो. गिटार होती, तुझी नव्हती. बाजेवर पडलेल्या, अर्धं अंग गेलेल्या माणसाने मैदानावरून येणाऱ्या आवाजात ओळखलं होतं. अख्ख्या गावात त्याला एकट्याला कळलं होतं. आणि मी त्याच्या कानात मशीन घातलं. पुढचा विचार आला तेव्हा मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो. यंदा तर ते म्हणाले होते, साफ आली. जी गिटार आलीच नव्हती ती.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला बघून त्यांनी उशीखालून मशीन काढलं आणि कानात घालायला लागले. मी म्हणालो, "राहू द्या ते. लागत न्हाई तुमाला." आणि त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ट्रॅक, मिक्सर, तुटलेली तार, साउंडवाला काय म्हणाला ते. म्हणालो, "अण्णा, तुमचे कान बरोबर होते. चूक माझी झाली."

त्यांनी मशीन मुठीत धरलं. मग म्हणाले, "तू तुझ्या आईवानी हायस. कुनाला वाईट वाटू नये म्हणून काय बी रचतोस."

"रचायला न्हाई अण्णा मी. खरंच सांगायलोय."

"मग यंदा मी आली म्हणलो, ते बी बरोबर होतं का?"

मी त्यांच्या मुठीतलं मशीन काढून घेतलं.

"मला काईच आलं न्हवतं," अण्णा म्हणाले. "मशीन घालून, श्वास धरून ऐकत बसलो होतो. तुझ्या आईला भांडी वाजवू दिली न्हाईत. कुनाची तरी गिटार यायली होती, तुझी न्हाई. तवा म्हणलं, आता खरंच गेले कान. मशीन घालून बी लेकाचं वाजवणं ओळखू येईना, मग राहिलं काय. तू सकाळी आशेनं बघायलास, म्हणून म्हणलं आली. तुला बरं वाटावं म्हणून मी बोललो, आता मला बरं वाटावं म्हणून तू बोलायलास. बास झालं."

मी साउंडवाल्याला फोन लावतो म्हणालो. "त्यो तुझाच माणूस," अण्णा म्हणाले. मग म्हणालो, आता इथे बसून वाजवून दाखवतो. "हातभर अंतरावरनं कुनाला बी येईल." मी म्हणालो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं मशीनची गरज नाही म्हणून. तर म्हणाले, "मंग तूच कामून घ्यायला लावलंस?" रागाने नाही विचारलं. खरोखर विचारलं. मी उठून परसात जाऊन उभा राहिलो. आजवर मी त्यांच्यापुढे रडलो नव्हतो, तेव्हाही रडता आलं नाही.

त्याच आठवड्यात मी पार्टी सोडली. मालकाने एकदा फोन केला, सर, रागावू नका, माणूस लागतो स्टेजवर. मी फोन ठेवून दिला. गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की अण्णांचे कान चांगले आहेत, गाड्या घेऊन येत जा. लोक हो हो म्हणाले. वर्षभरापूर्वी मीच उलटं सांगत फिरलो होतो, त्यामुळे ते एकमेकांकडे बघत होते. मुलाला वडिलांचं फार लागलंय, असं त्यांना वाटलं असणार. एक ट्रॅक्टरवाला आला, माझ्या शब्दाखातर. अण्णा त्याला म्हणाले, "परभणीला दाखव बाबा. मला कळत न्हाई आता."

परवा गावी गेलो होतो. अण्णा झोपले होते. आई दारात ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू वाजवायचं सोडलंस म्हणं."

"सोडलं."

"त्येंनी लय मनाला लावून घेतलंय. रोज म्हणतेत, माझ्या कानापायी पोरानं गिटार सोडली. मला ऐकू येईना म्हणून त्याचं मन उठलं म्हणतेत."

"आई, तसं न्हाई ते."

"मला कशाला सांगायलास," आई म्हणाली. "त्येंना सांग."

मी म्हणालो, सांगितलंय.